बर्फावरची तहकूब सभा

घरात प्लास्टिकच्या पिशव्या कशा साठतात, हे कुणालाच सांगता येत नाही. एक दिवस ओट्याखालचं दार उघडावं आणि एका पिशवीत कोंबलेल्या शंभर पिशव्या अंगावर याव्यात. किश्श्यांचं तसंच आहे. हिमालयातून आम्ही परत आलो तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, फक्त सोललेलं नाक होतं. आता मात्र कुणी नुसतं 'काय थंडी पडलीय' म्हटलं की एकातून एक बाहेर येत राहतात, आणि ऐकणारा उठायला लागला की मी त्याची बाही धरतो.

मीरा रोडला आम्ही राहतो त्या बिल्डिंगचं नाव 'हिमशिखर'. खाली खाजणात भराव टाकून केलेली जमीन, वर सात मजले, आणि पाणी एक दिवसाआड. बिल्डरला हे नाव कुठून सुचलं, ते त्यालाच ठाऊक. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्याच बिल्डिंगमधल्या आम्ही चार निवृत्तांनी खरंखुरं हिमशिखर जवळून बघायचं मनावर घेतलं. हिमाचलातल्या एका खेड्यातून निघायचं, पाठीवर सामान घेऊन ग्लेशियरच्या कडेला जायचं, तिथे एक रात्र तंबूत काढायची, दुसऱ्या दिवशी ग्लेशियर ओलांडून खडकांवर हातापायांनी चढत वरची धार गाठायची आणि परत. जाहिरातीत फोटो होता. फोटोतली माणसं पंचविशीतली होती, हे आम्ही फोटोग्राफरचं कौशल्य समजलो.

चौघं म्हणजे सावंत, प्रवीणभाई, जोशी आणि मी. मी पेडणेकर, सरकारी खात्यातला निवृत्त कारकून. प्रवीणभाई फरसाणचं दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. जोशी लवकरच गळणार आहेत, त्यांची ओळख करून घ्यायची गरज नाही. राहिले सावंत.

*

सावंत मूळचे रत्नागिरीचे आणि आमच्या सोसायटीचे तहहयात सेक्रेटरी. निवडणूक होते, पण उमेदवार एकच असतो. सोसायटीचे बाय-लॉज त्यांना इतके पाठ, की लग्नाच्या जेवणात पंगत बसली तरी ते आधी डोकी मोजून घेतात.

ज्यांनी कधी सोसायटीत दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सभेला पुरेशी माणसं नसली, म्हणजे कोरम नसला, की सभा अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासाने ती त्याच जागी पुन्हा भरते, आणि मग कोरम लागत नाही. हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे आमच्याकडे वेळेवर फक्त सावंत येतात. गच्चीवर रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहून, "कोरमअभावी सभा तहकूब!" असं खणखणीत आवाजात जाहीर करतात आणि अर्धा तास एकटेच बसून राहतात. अर्ध्या तासाने आम्ही सगळे येतो.

एकदा मी त्यांना म्हटलं, "सावंत, सरळ अर्धा तास उशिराची वेळ द्या ना."

"मग लोक त्याच्यापुढे अर्ध्या तासाने येतील!" सावंत म्हणाले. माणूस मूर्ख नव्हता.

अशाच एका सभेत नलूवहिनी, म्हणजे सावंतांच्या मिसेस, पाण्याच्या टँकरबद्दल बोलायला उठल्या. सावंतांनी त्यांना तिथल्या तिथे थांबवलं. "नलिनी, फ्लॅट माझ्या नावावर आहे. तू सभासद नाहीस. बसायचं तर बस, बोलता येणार नाही."

वहिनी बसल्या. बोलल्या नाहीत. घरी गेल्यावरही आठवडाभर बोलल्या नाहीत, असं भिंतीपलीकडून माझ्या कानावर आलं. म्हणजे आलं नाही, म्हणून कळलं.

*

ट्रेकची तयारी आम्ही जिन्यावर केली. पाठीवर वजन घेऊन सात मजले चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. मी सॅकमध्ये जुने दिवाळी अंक भरले. सावंतांनी सोसायटीच्या बाथरूमच्या कामातून उरलेल्या टाइल्स भरल्या, त्यासुद्धा आधी कमिटीची परवानगी घेऊन. प्रवीणभाईंनी तांदळाची गोणीच खांद्यावर घेतली.

चौथ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले होते. त्यांच्या बाईंनी प्रवीणभाईंना गोणी घेऊन वर जाताना पाहिलं, खाली येताना पाहिलं, पुन्हा वर जाताना पाहिलं. शेवटी न राहवून त्यांनी दार उघडलं.

"अंकल, सात मंज़िल में एक भी आदमी चावल नहीं ले रहा?"

प्रवीणभाई दम लागल्यामुळे काहीच बोलू शकले नाहीत. बाईंनी दया येऊन पाच किलो ठेवून घेतले!

त्या महिन्याभरात जिन्यावर आम्हाला नलूवहिनी सारख्या दिसायच्या. पापड वाळत घालायला गच्चीवर. लिफ्ट चालू असताना पायी. एका हातात परात, दुसऱ्या हातात पाण्याची बादली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभे असायचो आणि वहिनी "सरका जरा" म्हणून बाजूने निघून जायच्या. परतताना पुन्हा "सरका जरा". त्या वर्षी सावंतांकडे इतके पापड झाले, की वॉचमनच्या गावापर्यंत पोचले. पण पापडांना पाण्याची बादली कशाला लागते, हे तिघाचौघा शिकलेल्या पुरुषांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

*

खडकावर चढायचा सराव हवा, म्हणून एका रविवारी आम्ही डोंगरीला गेलो. उत्तनच्या बाजूला टेकडी आहे, तिच्या उतारावर मोठे मोठे धोंडे आहेत. सकाळपासून आम्ही चौघं आपापल्या चारही हातापायांनी, म्हणजे एकूण सोळा, त्या धोंड्यांवर सरपटत होतो. सावंत खालून सूचना देत होते. जोशी अर्ध्यावर अडकले होते आणि वर की खाली, याचा निर्णय होत नव्हता.

गावातली एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन चालली होती. ती थांबली. टोपली उतरवून ठेवली, धोंड्यावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"काय हरवलाय काय तुमचा?" तिने विचारलं. "मगाधरनं शोधताय."

"काही हरवलं नाही, आजी," सावंत रुबाबात म्हणाले, "आम्ही हिमालयात चाललोय."

म्हातारीने धोंड्यावरच्या जोशींकडे पाहिलं, मग आमच्याकडे. टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.

"हितनं न्हाय जाता येत," ती म्हणाली. "भाईंदरची बस त्या बाजूला मिलते!"

दुसऱ्या दिवशी जोशींना सांधेदुखी सुरू झाली आणि त्यांनी नाव काढून घेतलं. ग्रुप चौघांचाच हवा, असा ट्रेकवाल्यांचा नियम. आम्ही सावंतांच्या हॉलमध्ये तोंड पाडून बसलो असताना स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी येते."

सावंतांनी विचार केला. "चौथं नाव म्हणून चालेल," ते म्हणाले. "तू खालच्या गावात थांब. फार तर तंबूपर्यंत ये."

"बघू," वहिनी म्हणाल्या.

जोशींची सांधेदुखी एका रात्रीत कुठून आली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण जोशीवहिनींचेही पापड त्या महिन्यात आमच्याच गच्चीवर वाळत होते.

*

हिमाचलातल्या त्या गावात आमचा गाइड भेटला. हिरासिंग. तरणाबांड, गॉगल, आणि कुठलंही अंतर विचारलं की एकच उत्तर: "बस, सामने ही है." चहाची टपरी सामने ही है. तंबूची जागा सामने ही है. प्रवीणभाईंनी चेष्टेने विचारलं, "मीरा रोड?" हिरासिंगने दरीच्या तोंडाकडे हनुवटी केली. "सामने ही है, साब."

त्याने सामान दाखवलं. दोर, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी, बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे आणि कमरेला बांधायचे पट्टे. पट्टा असला तरच दोर बांधता येतो, आणि दोर असला तरच ग्लेशियरवर पाऊल टाकायचं, कारण बर्फात भेगा असतात आणि वरून दिसत नाहीत. त्याचा स्वतःचा सोडून पट्टे तीनच होते. चौथा दुसऱ्या पार्टीबरोबर गेला होता.

"तीन लोग ऊपर जाएँगे," हिरासिंग म्हणाला. "एक आदमी टेंट पे रुकेगा."

"ठरलेलंच आहे ते," सावंत म्हणाले आणि तिन्ही पट्टे आमच्या तिघांत वाटले.

वहिनींनी वर बघितलं. ढग बाजूला झाले होते आणि ग्लेशियरच्या माथ्यावरची काळी धार आभाळात करवतीसारखी उभी होती. "पलीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तुला काय करायचंय? आम्ही येऊन सांगू," सावंत म्हणाले.

मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहतोय. वहिनींना एखादी गोष्ट हवी असते तेव्हा त्या मागत नाहीत, पदर खोचतात. तिथे पदर नव्हता, पंजाबी ड्रेस होता. त्यांनी ओढणी खोचली.

गावातून निघताना एक काळा केसाळ कुत्रा आमच्याबरोबर निघाला. सावंत म्हणजे 'आवारात कुत्र्यांना खायला घालणाऱ्यास समज देण्यात येईल' या फलकाचे कर्ते. त्यांनी त्याला "हट्!" म्हणून पाहिलं, दगड उचलल्याचं नाटक करून पाहिलं. कुत्र्याला बाय-लॉज माहीत नव्हते. आम्ही चौघं असताना तो चालला सावंतांच्याच टाचेला टाच लावून, थेट तंबूपर्यंत.

*

तंबू लागले ते दगडगोट्यांच्या ढिगावर, ग्लेशियरच्या अगदी कडेला. दुपारी हिरासिंगने आम्हा तिघांना बर्फावर नेऊन दोराचा सराव दिला. नियम साधा: दोर ताणलेला राहील इतकं अंतर ठेवून एकामागे एक चालायचं. एखादा भेगेत गेला तर बाकीचे त्याला धरतील. जवळजवळ चाललात तर सगळे एकत्र जाल.

हिरासिंग पुढे निघाला. दहा-वीस पावलांनी त्याने मागे वळून पाहिलं. सावंत त्याच्या पाठीला चिकटले होते, सावंतांच्या सॅकवर माझं नाक होतं आणि माझ्या मानेवर प्रवीणभाईंचा श्वास.

"गॅप! गॅप रखो, साब!"

आम्ही मागे सरकलो. पुन्हा निघालो. पुन्हा चिकटलो. हे चार-पाच वेळा झालं. आमचाही इलाज नव्हता. रॉकेलच्या, रिक्षाच्या, टँकरच्या रांगांत आमचा जन्म गेला. पुढच्याच्या आणि आपल्यामध्ये हातभर जागा सोडली की तिथे कुणीतरी येऊन उभं राहतं आणि वर म्हणतं, "मैं तो पहले से था।"

"यहाँ कौन घुसेगा, साब?" हिरासिंग ओरडला. "दस मील तक आदमी नहीं है!"

"गॅप सोडला तर येईल," प्रवीणभाई गंभीरपणे म्हणाले.

शेवटी वैतागून त्याने प्रवीणभाईंचा पट्टा सोडवला आणि धोंड्यावर बसून आमच्या पिशव्या राखणाऱ्या वहिनींना बांधला. "माताजी, आप दिखाओ।" मी शेवटी गेलो आणि वहिनी सावंतांच्या मागे चालू लागल्या. दोर सरळ रेषेसारखा. सावंत थांबले की त्या थांबायच्या, सावंत चालले की त्या चालायच्या, अंतर वीतभरही कमी-जास्त नाही.

"वा, माताजी! किधर सीखा?"

"ह्यांच्या मागे चार पावलं सोडूनच चालत आलेय," वहिनी म्हणाल्या. "लग्नापासून."

हिरासिंगला मराठी येत नव्हती, त्यामुळे तो एकटाच हसला नाही. सावंतही हसले नाहीत, पण त्यांना मराठी येत होती.

"माताजी ऊपर चल सकती हैं," हिरासिंग म्हणाला.

"पट्टे तीनच आहेत," सावंत म्हणाले.

*

तंबूंच्या शेजारून ग्लेशियरच्या वितळत्या पाण्याचा ओढा वाहत होता. चांगला धो धो. संध्याकाळ व्हायच्या आत वहिनींनी भरायला सुरुवात केली. बाटल्या भरल्या, पातेली भरली, डब्यांची झाकणं भरली, प्रवीणभाईंची शेव संपल्यावर ती बरणी भरली.

"अगं, शेजारून आख्खी नदी वाहतेय!" सावंत पोट धरून हसले. "इथे काय एक दिवसाआड येतं पाणी?"

भरलेल्या झाकणांची रांग बघून हिरासिंगही हसला. वहिनी म्हणाल्या, "येतंय तोवर भरावं," आणि बाटल्या आपल्या स्लीपिंग बॅगमध्ये कुशीला घेऊन झोपल्या.

सकाळी उजाडताना मला जाग आली ती शांततेने. बाहेर सावंत हातात डबा घेऊन ओढ्याच्या काठी उभे होते. ओढ्यात फक्त दगड होते. थंडीने वरचं वितळणं बंद, म्हणून खालचं वाहणं बंद. इतका साधा हिशेब!

सावंतांनी तंबूंकडे वळून, मीरा रोडच्या जिन्यात देतात तशी हाळी दिली, "पाणी गेलं!"

बाहेर ठेवलेल्या पातेल्यांत दगडी बर्फ झालं होतं. हिरासिंग स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवायच्या खटपटीला लागला, पण स्टोव्ह नुसताच धूर ओकत होता. वहिनी तंबूतून आल्या त्या दोन्ही काखांत बाटल्या घेऊन. सावंतांनी पेला पुढे केला.

"एकच मिळेल," वहिनी म्हणाल्या. "बाकीचं मला वर न्यायचंय."

सावंतांचा पेला हवेत राहिला. "वर?"

*

सावंतांनी आवाज चढवला नाही. ते त्यांच्या पद्धतीत बसत नाही. एका सपाट दगडावर उभे राहून, कानटोपी सारखी करून त्यांनी सभा बोलावली. विषय एकच: तंबूवर कोणी थांबावे.

सभासद तीन. सावंत स्वतः, प्रवीणभाई आणि मी. प्रवीणभाई वहिनींनी दिलेली एक बाटली घेऊन मोठ्या धोंड्यामागे गेले होते. मी तंबूत बुटाच्या नाड्या बांधत होतो.

"पेडणेकर, या!"

"येतो, येतो," मी म्हटलं आणि बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. सगळ्या नोकरीत मी एकच विद्या मिळवली: ठरावाच्या वेळी जागेवर नसणं.

सावंतांनी आजूबाजूला पाहिलं. समोर कुत्रा बसला होता. सावंतांनी घड्याळ बघितलं आणि त्या बर्फाच्या डोंगरांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब!"

"आधा घंटा?" हिरासिंग उडालाच. "साब, धूप आ गई तो बर्फ नरम। दरार में गिरना है क्या?" तो आमच्या सगळ्यांकडे वळला. "जिसको आना है, अभी बेल्ट पहनो!"

वहिनींनी पट्टा बांधलेलाच होता.

"नलिनी, थांब. सभा तहकूब आहे. निर्णय झालेला नाही."

"मी सभासद आहे का?"

"नाहीस. तुला किती वेळा सांगितलंय, फ्लॅट माझ्या नावावर..."

"मग सभेचा ठराव मला लागू कसा?"

सावंतांनी तोंड उघडलं. बाय-लॉज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत, कारण तोंड बराच वेळ उघडंच राहिलं. तेवढ्यात मी दुसरा पट्टा चढवला. धोंड्यामागून आलेल्या प्रवीणभाईंनी तिसरा, सावंतांचा.

"तुम्हीसुद्धा?" सावंत म्हणाले.

"सावंतभाय, आपण तर गैरहजर आहे ना!" प्रवीणभाई म्हणाले.

आम्ही निघालो. पट्टा काढून घ्यायला सावंत आले नाहीत. तहकूब सभा सोडून सेक्रेटरी जाईल कसा? लांबून मी वळून पाहिलं, तेव्हा ते त्या दगडावर घड्याळ बघत बसले होते. कुत्रा शेजारी.

ग्लेशियर आम्ही गॅप ठेवून ओलांडलं. भीती रांगेपेक्षा मोठी निघाली. पुढचे खडक डोंगरीच्या धोंड्यांचे थोरले भाऊ होते. एका ठिकाणी खाली बघितल्यावर मी खडकाला दोन्ही हातांनी मिठी मारली. वहिनी माझ्या पुढे होत्या. हात टाकायच्या, पाय टेकायच्या, वर जायच्या. दम लागला की थांबायच्या, पण बसल्या नाहीत. शेवटच्या खडकावरून त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "पेडणेकर, हात द्या. वर सरका जरा."

धारेवर पोचलो. पलीकडे डोंगर होते. त्यांच्यापलीकडे डोंगर. सगळे पांढरे.

"इकडे पण सेम छे," प्रवीणभाई निराश होऊन म्हणाले.

वहिनी एका खडकावर बसल्या, ओढणी सोडली आणि बघत राहिल्या. हिरासिंगने दोनदा "चलो" म्हटलं. त्यांनी हातानेच त्याला थांबवलं, सभेत सावंत आम्हाला थांबवतात तसं. प्रवीणभाईंनी सगळ्यांना आणलेल्या ठेपल्यांपैकी एक शिल्लक होता, तो वहिनींच्या पिशवीत. "आता काढा, वहिनी," ते म्हणाले. "तो ठेवायचाय," वहिनी म्हणाल्या.

परत आलो तेव्हा ओढा पुन्हा वाहत होता. सावंत त्याच दगडावर होते, ब्लँकेट गुंडाळून. कुत्रा त्यांच्या पायांवर झोपला होता आणि त्यांनी पाय काढून घेतले नव्हते. आम्हाला बघून ते उभे राहिले, घसा साफ केला.

"तहकूब सभा ठरल्या वेळी त्याच जागी भरली," ते म्हणाले. "कोरमची आवश्यकता नव्हती. सौ. नलिनी सावंत यांनी वर जावे, असा ठराव एकमताने मंजूर झाला."

वहिनींनी पट्टा सोडला, दगडावर ठेवला.

"सूचक कोण?"

"मी."

"आणि अनुमोदक?"

सावंतांनी खाली पाहिलं. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि शेपटी हलवली.

वहिनींनी पिशवीतून ठेपला काढला. सावंतांनी हात पुढे केला. वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी तो आख्खा ठेपला कुत्र्याला घातला.